सिजिल्मासाचा पाहुणा : इब्न बतूता

दिल्लीचे काझी म्हणून इब्न बतूता आपणांस परिचित आहेत. दौलताबादलाही ते येऊन गेले. मोरोक्कोतील तंजा येथे १३०४ साली जन्मलेले हे गृहस्थ एकविसाव्या वर्षी हजला निघाले ते १३४९ साली मायदेशी परतले. आई प्लेगने वारल्याचे त्यांना वाटेतच कळले.

तरीही पाय घरी ठरेना! सहारा ओलांडण्यासाठी ते सिजिल्मासा या खजुरीच्या बनांतील शहरी आले. तेथे अल-बुश्री नावाच्या विद्वानाने त्यांना घरी ठेवून घेतले. या यजमानांचा सख्खा भाऊ त्यांना पूर्वी चीनमध्ये भेटला होता, आणि त्या भेटीत दोघांनाही रडू कोसळले होते. एका आईची दोन लेकरे, आणि मध्ये केवढी ही दुनिया!

उंट विकत घेऊन, त्यांना चार महिने चारा घालून, १३५२ च्या फेब्रुवारीत ते काफिल्याबरोबर निघाले. पंचविसाव्या दिवशी तगाझा लागले. तेथील घरे व मशीदसुद्धा मिठाच्या लाद्यांची, वर उंटाच्या कातड्याचे छप्पर. पाणी मात्र खारट.

सुलतानाचा हुकूम आल्याने १३५४ च्या सुरुवातीस ते सिजिल्मासामार्गे, बर्फ तुडवीत फेजला परतले. तेथे त्यांनी सांगितलेली हकिकत इब्न जुझय्य यांनी १३५५ पर्यंत लिहून काढली.