दासोपंतांची भाषिक जडणघडण

अंबाजोगाईच्या दासोपंतांचे नाव निघाले की त्यांच्या लेखनाचा विस्तार सांगण्याची प्रथा आहे. सव्वा लाख ओव्यांचा 'गीतार्णव', परंपरेने तितक्याच संख्येने मोजलेली 'पदार्णवा'तील पदे, 'ग्रंथराज', 'गीतार्थबोधचंद्रिका', पासोडीवर लिहिलेले 'पंचीकरण' आणि शिवाय संस्कृत रचना अशी यादी दिली जाते, त्यांना रोज एका ढब्बूची शाई लागत असे ही आख्यायिका तिला जोडली जाते, आणि विवेचन बहुधा तेथेच थांबते. या कवीने मराठी व संस्कृत यांच्या जोडीला कानडी, तेलुगू आणि हिंदी या भाषांतही पदे रचली, ही गोष्ट मात्र वाङ्मयेतिहासांत एका वाक्यात उरकली जाते. वास्तविक ती अधिक लक्ष देण्याजोगी आहे. एका माणसाकडे पाच भाषा कशा आल्या, याचा उलगडा त्याच्या ग्रंथांइतकाच त्याच्या बालपणातून होतो.

दासोपंतांचा जन्म शके १४७३ मध्ये, म्हणजे इ.स. १५५१ मध्ये, भाद्रपद वद्य अष्टमीस नारायणपेठ येथे झाला. वडील दिगंबरपंत, आई पार्वतीबाई. घराणे देशस्थ ब्राह्मणांचे, देशपांडेपणाचे वतन असलेले. नारायणपेठ आज तेलंगणात आहे आणि कर्नाटकाची सीमा तेथून जवळ आहे. हातमागाच्या लुगड्यांमुळे महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचलेले हे नाव भाषेच्या दृष्टीनेही संगमाचे आहे. तेलुगू, कानडी आणि मराठी या तिन्ही भाषा तेथे एकमेकींना खेटून नांदतात.

अशा गावी वतनदाराच्या घरात वाढणाऱ्या मुलाभोवती भाषांची वाटणी आपोआप होते. चुलीपाशी आणि देवघरात मराठी. पेठेत, मागावर आणि शेतावर तेलुगू अथवा कानडी. मुंजीनंतर पाठांतराची संस्कृत. आणि वडिलांच्या दफ्तरात फारसीच्या वळणाची मराठी. देशपांडे म्हणजे परगण्याचा पिढीजात हिशेबनीस. जमा, वसूल, बाकी, तहशील हे शब्द त्या घरात भाताभाकरीइतके परिचयाचे असले पाहिजेत. यांपैकी कोणतीही भाषा मुलाला शिकवण्यासाठी कोणी योजना केली असेल असे मानण्याचे कारण नाही. प्रत्येक भाषेला तिचे स्थळ आणि तिची माणसे होती, एवढे पुरेसे होते. महत्त्वाची गोष्ट अशी की घराने आपली भाषा सोडली नाही. दरबाराची प्रतिष्ठा फारसीला, शास्त्राची संस्कृतला आणि भोवतालच्या लोकव्यवहाराचे बळ तेलुगू-कानडीला असताना घरच्या मराठीला टिकून राहण्यासाठी घराखेरीज दुसरा आधार नव्हता.

वर उल्लेखिलेल्या शब्दांपैकी 'बाकी' या शब्दाने दासोपंतांच्या आयुष्याला वळण दिले. चरित्रातील हकीकत अशी : दुष्काळामुळे परगण्याचा वसूल झाला नाही आणि सरकारी रक्कम थकली. बिदरच्या सुलतानाने दिगंबरपंतांना पाचारण केले. पित्याबरोबर गेलेला हा देखणा, बुद्धिमान मुलगा सुलतानाच्या नजरेस आला, त्याला ओलीस ठेवून घेण्यात आले आणि एका महिन्याच्या आत रक्कम न भरल्यास त्याला मुसलमान करण्यात येईल असे बजावण्यात आले. दिगंबरपंतांना मुलाला मागे ठेवून एकट्याने परतावे लागले.

त्या काळी बिदरला अली बरीदशहाची सत्ता होती. हा सुलतान काव्यशास्त्राचा षोकी होता. त्याच्या रंगीन महालातील काळ्या दगडावर शिंपल्यांचे जडावकाम आणि फारसी कवितांच्या ओळी आजही पाहावयास मिळतात. शहरात दखनी, कानडी, मराठी आणि तेलुगू बोलणाऱ्यांची सरमिसळ होती. म्हणजे नारायणपेठेहून आलेल्या मुलाच्या कानाला तेथे फार काही परके वाटण्यासारखे नव्हते. फरक होता तो निराळाच. नारायणपेठेत सर्व भाषांच्या मध्यभागी त्याचे घर होते. बिदरमध्ये त्या सर्व भाषा होत्या, पण घर नव्हते. महिना संपल्यावर केवळ धर्म पालटला नसता. नाव, कुळ, आईशी बोलण्याची भाषा हे सारेच पालटले असते. चरित्रकाराने या महिन्याचे वर्णन आराध्याच्या धाव्याच्या अंगाने केले आहे. दत्तात्रेयाचा अखंड जप करणारा हा मुलगा ज्या एका गोष्टीला धरून बसला होता, ती त्याला घरानेच दिली होती.

अखेरच्या दिवशी दत्ताजी पाडेवार या नावाचा एक गावकामगार दरबारात आला आणि त्याने सर्व रक्कम भरली. तो प्रत्यक्ष दत्तात्रेय होता ही चरित्राची श्रद्धा. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांच्या कथेशी या प्रसंगाचे साम्य उघड आहे. तोच दुष्काळ, तेच बिदर, तोच गावगाड्याच्या तळच्या माणसाच्या रूपाने येणारा देव. उत्तरकालीन चरित्रकाराने तयार साच्याचा आधार घेतला असणे संभवनीय आहे. तथापि वसुलीपायी वतनदारांना धरून नेणे ही त्या शतकातील कल्पित गोष्ट नव्हे. चमत्कार बाजूला ठेवला तरी प्रसंगाचा गाभा अविश्वसनीय ठरत नाही.

सुटका होऊन मुलगा घरी आला खरा, पण तेथे रमला नाही. विवाह झालेला असतानाही कोणास न सांगता त्याने घर सोडले आणि माहूर गाठले. तेथे बारा वर्षे अनुष्ठान, मग बीड जिल्ह्यातील गोदाकाठच्या राक्षसभुवन येथे वाळूत दत्तपादुकांची प्राप्ती, आणि शेवटी अंबाजोगाई हा त्यांचा प्रवास सर्वश्रुत असल्यामुळे त्याचा विस्तार येथे नको. पुढे आईवडील व पत्नी यांची पुन्हा भेट झाली आणि कुटुंब अंबाजोगाईस एकत्र आले. हे गाव निवडण्यात दैवयोग असो वा नसो, मराठी ग्रंथकाराला ते अनुरूप होते. मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईस की भंडारा परिसरातील अंभोऱ्यास हा वाद विद्वानांत चालत आला असला, तरी अंबाजोगाईच्या लोकमानसाने आद्यकवीला केव्हाच आपला मानला आहे.

येथे दासोपंतांनी जे प्रचंड लेखन केले त्यात मराठीची बाजू मांडणारा 'गीतार्णवा'तील भाग विशेष प्रसिद्ध आहे. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा की संस्कृतात 'घट' म्हटले की काम संपते, पण त्या एका शब्दाने कोणते भांडे अभिप्रेत आहे ते कळत नाही. मराठीत हारा वेगळा, डेरा वेगळा, रांजण वेगळा. आकारागणिक आणि उपयोगागणिक निराळे नाव आहे. कोशदृष्ट्या हा युक्तिवाद निर्दोष नाही. कुंभ, कलश हे शब्द संस्कृतात आहेत आणि दासोपंतांसारख्या संस्कृत ग्रंथकाराला ते ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? परंतु त्यांनी निवडलेला दाखला फार बोलका आहे. मराठीचे सामर्थ्य सिद्ध करण्यासाठी ते ज्ञानदेवांकडे किंवा मुकुंदराजांकडे बोट दाखवीत नाहीत. ते माजघरात शिरतात. डेरा आणि रांजण यांतला भेद पाठशाळेत किंवा दफ्तरात कळत नाही. तो आईच्या अवतीभवती वावरताना कळतो. पाच भाषांत लिहू शकणाऱ्या माणसाने ही तुलना केली आहे, हे विसरून चालणार नाही. ज्याला एकच भाषा येते त्याला तिच्यातील बारकावे सहसा जाणवत नाहीत. दासोपंतांचा मराठीचा अभिमान अज्ञानातून आलेला नव्हता आणि इतर भाषांच्या द्वेषातून तर नव्हताच, याची साक्ष त्यांची कानडी व तेलुगू पदेच देतात.

समकालीन एकनाथांच्या घरातील हकीकत याच्या शेजारी ठेवण्यासारखी आहे. नाथांचे पुत्र हरिपंडित संस्कृतचे पंडित झाले आणि वडील प्राकृतात पुराण सांगतात याचा विषाद वाटून काशीला निघून गेले. पुढे समेट झाला. एकाच उंबऱ्याच्या आत शास्त्राची भाषा आणि घरची भाषा यांच्यात असे तट पडू शकत होते. दासोपंतांच्या ठिकाणी मात्र दोन्ही भाषा एकाच लेखणीतून उतरल्या.

त्यांची पासोडी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा कापडावर सोळाशे ओव्यांत पंचीकरणाचा गहन विषय आकृत्यांसह मांडलेला आहे. वेदान्ताचे पारिभाषिक शब्द संस्कृताचे, ओवी मराठीची, आणि आधार पांघरण्याच्या वस्त्राचा. दासोपंत विणकरांच्या गावी जन्मले होते, यावरून निष्कर्ष काढण्याचा मोह आवरलेला बरा.

त्यांच्या चरित्रातील तीन स्थळे निजामाच्या हैदराबाद संस्थानात एकत्र होती. त्या राजवटीत अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद होते आणि शाळांत उर्दूचे वर्चस्व होते. इ.स. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत नारायणपेठ आंध्र प्रदेशात गेले, बिदर म्हैसूर राज्यात आणि अंबाजोगाई मुंबई राज्यात. यानंतर एका भाषेच्या अभ्यासकाला दुसऱ्या भाषेतील दासोपंत दिसेनासे झाले तर नवल नाही. मराठीच्या अभ्यासकांनी त्यांच्या कानडी-तेलुगू पदांना हात घातला नाही, आणि कानडी-तेलुगूच्या अभ्यासकांच्या दृष्टीने ते मराठीचे कवी ठरले. 'गीतार्णवा'चाही मोठा भाग दीर्घकाळ हस्तलिखितातच पडून राहिला.

शके १५३७ च्या माघ वद्य षष्ठीस दासोपंतांनी अंबाजोगाईस देह ठेवला. त्यांची समाधी तेथेच आहे. वंशजांची थोरले देवघर आणि धाकटे देवघर अशी दोन घरे गावात प्रसिद्ध असून दासोपंतांची एकमुखी दत्ताची उपासना तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.