वेगळ्या यादीतला लुई आर्मस्ट्राँग

वकिली शिकताना अमेरिकेतील प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन हा खटला वाचावा लागतो. न्यू ऑर्लिन्स शहरात होमर प्लेसी हा कृष्णवर्णीयांत गणला जाणारा माणूस 1892 साली गोऱ्यांच्या डब्यात बसला. 1896 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, डबे वेगळे असले तरी सोयी समान असतील तर अन्याय होत नाही! वेगळे पण समान, या ढोंगाला कायद्याची मान्यता मिळाली. त्यानंतर पाच वर्षांनी, 4 ऑगस्ट 1901 रोजी, त्याच शहरात लुई आर्मस्ट्राँगचा जन्म झाला. त्याची आजी गुलामीत जन्मलेली होती. त्याच गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांना महात्मा फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, हे चळवळीतल्या वाचकाला सांगायला नको.

लुई आपला जन्म 4 जुलै 1900 चा, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा, असे आयुष्यभर सांगत राहिला. तो वारल्यावर चर्चच्या नोंदवहीत खरी तारीख सापडली. त्या नोंदीत बाळ काळे आणि अनौरस असल्याचा शेरा आहे. जन्मल्याबरोबर कपाळी मारलेला हा शिक्का आपल्याकडच्या दाखल्यांची आठवण करून देतो.

बाप सोडून गेला, आई पडेल ते काम करून जगवत होती. कार्नोफ्स्की या ज्यू कुटुंबाच्या भंगाराच्या आणि कोळशाच्या गाडीवर हा पोरगा राबला. कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचे बुटके भावंड, विकत घेण्यासाठी त्याला याच कुटुंबाने उचल दिली. 1912 च्या अखेरच्या रात्री त्याने उत्साहात हवेत पिस्तूल झाडले आणि 1913 च्या पहिल्याच दिवशी त्याची रवानगी काळ्या मुलांच्या सुधारगृहात झाली. तिथे पीटर डेव्हिस या शिक्षकाने त्याला वाजवायला शिकवले आणि बँडचा म्होरक्या केले.

1922 साली गुरू किंग ऑलिव्हरने शिकागोला बोलावून घेतले. 1923 साली रिचमंड गावी जेनेट कंपनीत या बँडच्या पहिल्या तबकड्या निघाल्या. याच कंपनीने त्या काळात कू क्लक्स क्लॅनच्या प्रचाराच्या तबकड्याही पैसे घेऊन छापून दिल्या. धंद्याला दोन्ही गिऱ्हाइके सारखीच!

आज दिग्गजही ज्यांच्यापुढे मान झुकवतात ती ध्वनिमुद्रणे 12 नोव्हेंबर 1925 पासून 1928 पर्यंतची. ओके कंपनीसाठी लुईने हॉट फाइव्ह हा पाच जणांचा ताफा उभा केला. किड ओरी ट्रॉम्बोनवर, जॉनी डॉड्स क्लॅरिनेटवर, जॉनी सेंट सिर बँजोवर आणि पियानोवर लुईची पत्नी लिल हार्डिन. 1927 च्या मे महिन्यात ट्युबा आणि ड्रम आले, तेव्हा त्याचे हॉट सेव्हन झाले. तोवर न्यू ऑर्लिन्सच्या वादनात सगळे एकदम वाजवीत. लुईने एकट्या माणसाच्या आवाजाला मैदान मिळवून दिले. ‘पोटॅटो हेड ब्लूज’मध्ये साथीदार अधूनमधून एखादा ठोका देऊन गप्प बसतात आणि उरलेली सगळी जागा तो एकटा भरून काढतो. 28 जून 1928 च्या ‘वेस्ट एंड ब्लूज’मध्ये तर सुरुवातीला साथ नाहीच, नुसता ट्रम्पेट. मागे अर्ल हाइन्सचा पियानो ऐकण्यासारखा आहे. एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची, पण जगाचे संगीत त्यातून बदलले. ‘हीबी जीबीज’मध्ये त्याने शब्द सोडून नुसत्या आवाजांनी गाऊन दाखवले, तीही पुढे एक गायकी झाली.

आता हिशेब पाहू. या तबकड्या रेस रेकॉर्ड्स नावाच्या वेगळ्या यादीत, काळ्या गिऱ्हाइकांसाठी विकल्या जात. म्हणजे रेल्वेच्या डब्याचाच न्याय. वादकांच्या हाती एकरकमी मजुरी, रॉयल्टी नाही. 2000 साली हीच ध्वनिमुद्रणे चार सीडींच्या संचात कोलंबियाने पुन्हा आणली. तोवर वाजवणारे सगळे गेलेले होते. लिलचा मात्र वेगळा उल्लेख केला पाहिजे. ‘स्ट्रटिन विथ सम बार्बेक्यू’ ही तिची रचना लुईच्या नावावर चालत होती. ती कोर्टात गेली आणि निकाल तिच्या बाजूने लागला. शोषिताच्या घरातही शोषण असते, हे चळवळीनेही ऐकून घ्यावे.

(लुईचा सूर आपल्याकडेही पोचला होता. गोव्याचा चिक चॉकलेट हा ट्रम्पेटवादक मुंबईत भारताचा आर्मस्ट्राँग म्हणून ओळखला जाई. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’च्या, 1951 च्या, संगीतात त्याचा वाटा होता.)

पुढच्या काळात लुईवर त्याच्याच लोकांनी टीका केली. गोऱ्यांपुढे दात दाखवतो, रुमाल हलवतो, लाचार आहे, असे आरोप झाले. 1949 च्या मार्डी ग्रासमध्ये तो तोंड रंगवून झुलूंचा राजा झाला, ते अनेकांना झोंबले. त्यांचा राग मला खोटा वाटत नाही. पण 1931 साली न्यू ऑर्लिन्सच्या रेडिओवर गोऱ्या निवेदकाने काळ्या माणसाचे नाव पुकारायला नकार दिला, तेव्हा लुईने माइक स्वतःच्या हाती घेतला, हेही नोंदवलेले आहे. त्याहून मोठी साक्ष 1957 ची. लिटल रॉकमध्ये नऊ काळ्या मुलांना शाळेत जाऊ न देण्यासाठी गव्हर्नरने सैनिक उभे केले. लुई तेव्हा सरकारतर्फे सोव्हिएत दौऱ्यावर जाणार होता. ग्रँड फोर्क्स गावात एका विद्यार्थी वार्ताहराला त्याने राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यात धमक नसल्याचे सुनावले आणि दौऱ्यावर पाणी सोडले. मजकूर छापण्यापूर्वी दाखवला गेला, तेव्हा एक शब्द न गाळता त्याखाली सही केली. व्यवस्थापकाने सारवासारव करून पाहिली, पण तो आपल्या शब्दावर ठाम राहिला. काही रेडिओ केंद्रांनी त्याच्या तबकड्या फेकून दिल्या. काळ्या-गोऱ्या वादकांना एकत्र वाजवायला 1956 साली लुइझियानाने बंदी केली, तर त्याने स्वतःच्या जन्मगावी वाजवणेच सोडले. तो परतला 1965 साली, नागरी हक्क कायदा झाल्यावर.

6 जुलै 1971 रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचे निधन झाले. ऑगस्टमध्ये शिकागोत त्याच्या स्मरणार्थ जलसा झाला. तिथे लिल पियानो वाजवता वाजवताच कोसळली आणि गेली.