फुलामुलांचे कवी रेव्हरंड टिळक

शालेय जीवनात ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता ज्यांनी पाठ केली, त्यांच्यापैकी फारच थोड्यांच्या मनात तिचा कर्ता ख्रिस्ती धर्मोपदेशक होता ही गोष्ट राहिली असेल. जखमी पक्षिणीच्या त्या व्यथेशी कवीच्या धर्माचा संबंध कोणी जोडला नाही. नारायण वामन टिळकांना असाच वाचक हवा असावा.

त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे, चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. स्वभाव तापट, उदार आणि कमालीचा चंचल. एका जागी, एका नोकरीत त्यांचे मन क्वचितच रमले. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ भेट दिला. त्या वाचनाने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत त्यांच्यापेक्षा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीच अधिक मोजली, असे म्हणणे न्यायाचे ठरेल. आप्तेष्टांनी संबंध तोडले, संसार उधळला, मुलाला घेऊन त्या काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या. पुढे त्या पतीकडे परतल्या, तरी सोवळेओवळे पाळून वेगळा स्वयंपाक करीत राहिल्या. टिळकांनी त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती केली नाही. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाचा कौल घेऊन.

अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करताना टिळकांपुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला. धर्मांतर केलेला मनुष्य आपल्या गावाला, भाषेला, गाण्याला परका का व्हावा? ख्रिस्ती होणे म्हणजे साहेबी पोशाख आणि साहेबी चालीची गाणी स्वीकारणे, ही समजूत त्यांना मुळीच मान्य नव्हती. त्यांच्या डोळ्यांसमोर ज्ञानेश्वर आणि तुकाराम होते. वारकऱ्यांच्या अभंगाच्या साच्यात त्यांनी ख्रिस्तभक्ती ओतली. ख्रिस्ती कीर्तनाचा प्रघात नगरमध्ये आधीपासूनच होता. टिळकांनी त्याला खऱ्या कवीची वाणी दिली. मराठी ख्रिस्ती उपासनेत आजही त्यांची गीते गाइली जातात.

परंतु भजने रचून ते थांबले नाहीत. फुले, मुले, घरसंसार आणि देश यांवरील त्यांची कविता साऱ्या मराठी समाजासाठी होती. तिच्यात प्रचाराचा वास येत नाही. त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा तरुण त्यांच्या घरी मुलासारखा राहिला. हेच आपले बालकवी. टिळकांनी त्यांच्या प्रतिभेची जोपासना केली आणि त्यांचा धर्म त्यांच्याकडेच राहू दिला. एखाद्या उत्साही धर्मोपदेशकाला हा संयम जमणे सोपे नसते.

१९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. एवढ्यावरही त्यांचे समाधान होईना. मिशनचे वेतन घेऊन आपल्या लोकांपुढे उभे राहणे त्यांना बोचत होते. १९१७ साली त्यांनी ती नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त तेथे बंधुभावाने एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. चर्चच्या दारात बाप्तिस्म्याचा उंबरा असे. त्यांनी तो ओलांडण्याची अटच काढून टाकली! स्वकीय ख्रिस्ती बांधवांपैकीही अनेकांना हे धाडस पेलले नसावे. दरबार पुरता उभा राहण्यापूर्वीच, ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र मराठीत असावे म्हणून त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ अपुरेच राहिले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. शाळेत न गेलेल्या, लग्नानंतर अक्षरे गिरवलेल्या या बाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली आणि पतीच्या त्या महाकाव्याचे उरलेले अध्यायही रचले.