प्रश्न विचारणाऱ्याला गोष्टीत जागा देणारे फादर स्टीफन्स



'ख्रिस्तपुराण' हे नाव आपल्या वसईत नवीन नाही. त्यातील मराठी भाषेची स्तुती आपल्यापैकी अनेकांनी शाळेत असताना वाचली असेल. परंतु ते लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज होते आणि मराठी त्यांनी तिशी ओलांडताना शिकायला घेतली, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही.

फादर स्टीफन्स यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात झाला. तो काळ तेथील कॅथलिकांना फार कठीण होता. राणी एलिझाबेथच्या राज्यात मिस्सा कायद्याने बंद होती. स्टीफन्स आणि त्यांचे मित्र थॉमस पाउंड यांनी रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश घेण्याचे ठरवले. निघण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले आणि त्यांची जवळजवळ तीस वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले व १५७५ साली संघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून त्यांचे जहाज निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला लागले. त्यानंतर ते मायदेशी कधीच परतले नाहीत.

त्यांचे बहुतेक आयुष्य साष्टीत गेले. ही साष्टी गोव्यातील, आपल्या खाडीपलीकडची नव्हे. तेथे त्यांनी लोकांची बोली कानाने टिपली. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशी जुळते, असे नोंदवले आहे. युरोपातील पंडितांनी या विषयावर ग्रंथ लिहायला अजून दोनशे वर्षे होती!

त्याच १५८३ साली जुलै महिन्यात कुंकळ्ळी येथे फादर रुदोल्फ आक्वाविवा यांच्यासह पाच येशूसंघीयांची हत्या झाली. त्यांची पार्थिव शरीरे मिळवून दफन करण्यात स्टीफन्स यांचा पुढाकार होता. या घटनेची दुसरी बाजूही आपण प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्याआधी पोर्तुगीजांनी साष्टीतील देवळे पाडली होती. लोकांच्या पोथ्या-पुराणांवर बंदी आली होती. हत्येनंतर गावाच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार मारण्यात आले. अशा दुखावलेल्या लोकांमध्ये स्टीफन्स यांना प्रभूची गोष्ट सांगायची होती.

त्यांनी ती ओवीत सांगितली. पैठणच्या संत एकनाथांनीही ओवी लिहिली होती आणि लोकांच्या कानाला तोच छंद रुचत होता. स्टीफन्स यांनी स्वर्गाला वैकुंठ म्हटले आणि पुराणाच्या रीतीप्रमाणे आरंभी नमन घातले. १६१६ साली राशोल येथे हा ग्रंथ छापला गेला. देवनागरीचे खिळे नसल्यामुळे तो रोमन लिपीत छापावा लागला. ओव्या सुमारे अकरा हजार, अध्याय पंचाण्णव.

कथा सांगण्याची त्यांची हातोटी दोन गोष्टींत दिसते. पहिली गोष्ट म्हणजे धीर. पहिल्या पुराणाचे ३६ अध्याय संपले तरी येशूचा जन्म झालेला नसतो. जगाची उत्पत्ती, आदाम-एवेचे पतन, संदेष्टे, वचने आणि वाट पाहणे, हे सर्व आधी येते. श्रोत्याच्या मनात तारणाऱ्याची ओढ निर्माण झाली, की मगच तो येतो. व्यक्तिरेखेला वजन येते ते तिच्यासाठी वाट पाहिली गेल्यामुळे.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. ग्रंथाच्या सुरुवातीला एक ब्राह्मण उभा राहून पाद्रीगुरूंना विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? हा प्रश्न सोपा नव्हता. सत्तेच्या बाजूने बसलेल्या गुरूला तो खाली पाहायला लावणारा होता. स्टीफन्स यांनी तो गाळला नाही, विचारणाऱ्याला मूर्खही दाखवले नाही. सगळे पुराण त्या प्रश्नातूनच सुरू होते आणि पुढेही श्रोते मधून मधून शंका विचारत राहतात. स्वतःच्या देशात ज्याची प्रार्थना बंद झाली होती, त्याने हा प्रश्न लिहिला, हे आपण विसरू नये.

फादर स्टीफन्स १६१९ साली गोव्यात निवर्तले. त्यांची 'दौत्रिन' १६२२ साली आणि कोकणीचे व्याकरण १६४० साली प्रसिद्ध झाले. पुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या, पण त्यांतील एकही प्रत आज हाती नाही. लोकांनी ते हाताने उतरवून घेतले, उपवासकाळात गायले. गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनीही ते जपले. अशा हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले गेले. गोष्ट लोकांची झाली होती, म्हणून छापील प्रती नष्ट होऊनही ती उरली.

आपल्या धर्मग्रामात धर्मशिक्षण देणारे शिक्षक आहेत, नातवंडांना बायबलमधील गोष्टी सांगणाऱ्या आजी आहेत, पथनाट्य लिहिणारे तरुण आहेत आणि रविवारी प्रवचन करणारे आम्ही धर्मगुरूही आहोत. येत्या आठवड्यात एखाद्या मुलाने मध्येच अवघड प्रश्न विचारला, तर त्याला गप्प बसवू नका. तो प्रश्न गोष्टीत घ्या, त्याला पात्र करा आणि मग पुढे सांगा. उत्तर लगेच सापडले नाही तरी चालेल. विचारणारा निदान ऐकायला बसून राहील.

आपला,
प्रमुख धर्मगुरू