कृपासदन

पंडिता रमाबाई म्हटले की आपल्याला शारदासदन आठवते, मुक्तिसदन आठवते, त्यांनी केलेले पवित्र शास्त्राचे भाषांतर आठवते. कृपासदनाचे नाव मात्र आपण जरा हळूच घेतो. आज आम्ही त्याचीच हकिकत सांगणार आहो.

१८८३ साली बाई इंग्लंडला गेल्या व वाँटेज येथील भगिनींजवळ राहिल्या. त्या भगिनींनी लंडनमधील फुलहॅम येथील आपले आश्रयगृह त्यांना दाखवले. जगाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी ते होते, आणि त्यांतल्याच कित्येक आता आजाऱ्यांची शुश्रूषा करीत होत्या. बाईंना मोठे नवल वाटले. एवढी शास्त्रे मुखोद्गत, पण अशा स्त्रीसाठी त्यांत दया त्यांना कोठे आढळली नव्हती. आढळले ते दंडच. तुम्ही हे का करता, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील शमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांना वाचून दाखवली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पुढे १८९६-९७ चा दुष्काळ पडला. स्वतःचे आईबाप उपासमारीने गेलेले, त्यामुळे बाईंना राहवेना. त्या मध्य प्रांतात गेल्या. तेथील मदतकेंद्रांभोवती भुकेल्या पोरींवर टपलेली माणसे त्यांनी पाहिली. घासभर अन्नासाठी अब्रू जाई. ज्याने घेतली तो उजळ माथ्याने फिरे, आणि पोरीला मात्र घरचे दार बंद. बाईंनी सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणल्या. त्याच वर्षी पुण्यात प्लेग होता. प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची अब्रू सुरक्षित नाही, असे त्यांनी वर्तमानपत्रात उघड लिहिले. सरकारने ते नाकारले. अशा गोष्टी कुलीन बाईने बोलायच्याच नाहीत, असा तो काळ!

१८९९ साली केडगावला कृपासदन उघडले. मुक्तिसदनातील मुलींपासून ते वेगळे ठेवले होते. हे वेगळेपण आम्हांला खुपते. लहान मुलींची काळजी म्हणून बाईंनी तसे केले असेल. पण फसवलेली व नासवलेली या दोघींना जग एकाच मापाने मोजते, आणि तो डाग भिंतीने पुसला जात नाही. तरी नाव त्यांनी ठेवले ते कृपेचे. पतितांचे घर अशी पाटी लावली नाही.

५ एप्रिल १९२२ रोजी बाई केडगावातच निवर्तल्या. शमरोनी स्त्रीची ती गोष्ट त्यांच्या भाषांतरात साध्या मराठीत आहे. मुक्तीच्या छापखान्यात तेथल्याच मुलींनी खिळे जुळवून ती छापली.