आवाज टिपणारा चित्रकार

विष्णुपंत गोविंद दामले यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८९२ रोजी पेण येथे झाला. पेण हे गाव आजच्या रायगड जिल्ह्यात आहे. तरुणपणी ते कोल्हापुरास आले आणि थोर कलावंत बाबूराव पेंटर यांच्या सहवासात चित्रकलेत रमले. तेथेच त्यांना फत्तेलाल हे जिवाभावाचे मित्र लाभले. बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, तेव्हा हे दोघेही तिच्या कामात सामील झाले. दामल्यांच्या हाती कुंचला होता, तसेच यंत्राचे मर्म जाणण्याची आवडही त्यांच्या मनात होती.

१ जून १९२९ रोजी शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच जणांनी कोल्हापुरात ‘प्रभात फिल्म कंपनी’ स्थापन केली. त्या वेळचे चित्रपट मुके असत. परंतु १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ हा बोलपट झळकला आणि सारे चित्र पालटले. बोलणारी, गाणारी पात्रे पाहिल्यावर मुक्या चित्रांना कोण विचारणार? ‘प्रभात’पुढे दोनच वाटा होत्या : आवाज टिपण्याची विद्या हस्तगत करणे, नाहीतर दारे बंद करणे.

ही जबाबदारी दामल्यांनी शिरावर घेतली. त्यांचे वय तेव्हा चाळिशीला टेकले होते. ही विद्या शिकविणारी शाळा त्या काळी आपल्याकडे नव्हती. यंत्र हाच गुरू आणि स्वतःचे कान हीच परीक्षा!

हे काम किती नाजूक असते, ते पाहा. मायक्रोफोनसमोर बोलले, की आवाजाच्या लहरींपासून विजेचा अतिशय क्षीण प्रवाह निर्माण होतो. तो कित्येक पटींनी वाढवून त्याच्या साहाय्याने फिल्मच्या कडेला प्रकाशाने आवाजाची रेघ उमटवीत. पण प्रवाह वाढविताना त्यात शिरलेला दोषही तितकाच वाढतो. जवळून दिव्यांची जाड तार गेली, तर तिच्यातील विजेची घरघर गाण्यात मिसळते.

ही घरघर रोखण्यासाठी आवाजाची तार दिव्यांच्या तारेपासून दूर ठेवतात. तिच्याभोवती धातूची बारीक जाळी असते. ती जाळी व यंत्राची धातूची पेटी तांब्याच्या तारेने जमिनीत पुरलेल्या पत्र्याशी जोडतात. यालाच अर्थिंग म्हणतात. भरकटलेली वीज या वाटेने जमिनीत जाते. त्यामुळे आवाज स्वच्छ राहतो आणि यंत्राला हात लावणाऱ्याचा जीवही वाचतो. सर्व यंत्रांची अर्थिंग मात्र एकाच ठिकाणी आणावी लागते. ती दोन ठिकाणी केली, तर तारांचे वर्तुळ तयार होते आणि त्यातून पुन्हा गुणगुण सुरू होते.

त्या काळी गाणारा नट आणि साथ करणारे वादक यांचा आवाज चित्रीकरणाच्या वेळीच टिपला जाई. मध्येच एखादी खरखर झाली, तर सर्वांचे श्रम आणि महागडी फिल्म दोन्ही वाया जात. अशा कसोटीत ६ फेब्रुवारी १९३२ रोजी ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट प्रदर्शित झाला. गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे यांचे शब्द प्रेक्षकांना ऐकू आले, ते दामल्यांच्या ध्वनिमुद्रणामुळे.

१९३३ साली ‘प्रभात’ पुण्यास आली. १९३६ साली दामले व फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ हा चित्रपट दिग्दर्शित केला आणि व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. कीर्ती सातासमुद्रांपलीकडे गेली, तरी दामले कामात मग्न राहिले. ५ जुलै १९४५ रोजी त्यांचे निधन झाले.

आज बीड जिल्ह्यातील पाटोद्यासारख्या गावीही घरातील एका खोलीत गाणे ध्वनिमुद्रित करता येते. यंत्रे लहान झाली, पण विजेचे नियम बदललेले नाहीत. बालाघाटच्या डोंगराळ मुलुखात उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली, की अर्थिंग दुबळी होते. म्हणून त्या खड्ड्यात कोळसा व मीठ घालतात आणि पाणी ओतून तो ओला राखतात. हे काम जाणत्या तारतंत्र्याकडूनच करून घ्यावे.

पुण्यात ‘प्रभात’च्या जागेवर १९६० साली चित्रपटाचे शिक्षण देणारी शासकीय संस्था सुरू झाली. जी विद्या दामल्यांना गुरूवाचून मिळवावी लागली, ती त्याच भूमीवर आज विद्यार्थ्यांना रीतसर शिकविली जाते. पडद्यावरील चेहरे सर्वांना दिसतात. त्यांचे शब्द निर्मळपणे आपल्या कानी पोहोचविणारा माणूस दिसत नाही. दामल्यांनी ते न दिसणारे काम निष्ठेने केले, म्हणून मराठी चित्रपट बोलू लागला.