गुपित राखले, पण छापखाना गेला

कल्पना आहे पण पैसा नाही, अशा माणसापुढे एक जुना पेच उभा राहतो. कल्पना उघड केल्याशिवाय कोणी पैसा देत नाही. आणि उघड केली, की ती आपली राहीलच याची शाश्वती नसते. ज्याच्या विद्येने जगाला छापील ग्रंथ दिला, त्या योहानेस गुटेनबर्गचे आयुष्य या पेचातून वाट काढण्यातच गेले. मुद्रणकलेचा जनक म्हणून आपण त्याला ओळखतो. भागीदार शोधत हिंडणारा कारागीर म्हणून मात्र त्याची ओळख फारच थोड्यांना असते.

इ. स. १४०० च्या सुमारास, जर्मनीतील ऱ्हाइन नदीकाठच्या माइन्झ शहरी एका खानदानी घराण्यात त्याचा जन्म झाला. १४३४ मध्ये तो स्ट्रासबर्गला असल्याची नोंद सापडते. तेथे रत्ने घासून त्यांना झळाळी आणण्याची विद्या तो शिकवीत असे. पुढे आखेनच्या मोठ्या यात्रेत विकण्यासाठी धातूचे छोटे आरसे बनवण्याचा घाट त्याने घातला व भागीदार जमवले. आपल्या हिशेबात सांगायचे तर रुपयात आठ आणे गुटेनबर्गचे, चार आणे हान्स रिफचे आणि दोन-दोन आणे आन्द्रेआस ड्रिट्सेन व आन्द्रेआस हाइलमान यांचे, अशी ती भागी होती. पण १४३९ ची यात्रा वर्षभर पुढे ढकलली गेली आणि भांडवल अडकून पडले.

त्याच सुमारास भागीदारांच्या लक्षात आले, की हा गृहस्थ आणखी कसल्यातरी उद्योगात गुंतला असून त्याचा आपल्याला थांगपत्ताही लागू देत नाही. तीही विद्या आम्हाला शिकव, असा आग्रह त्यांनी धरला. गुटेनबर्गने होकार दिला, पण पाच वर्षांचा नवा करार करून. त्यात एक कलम मोठे दूरदर्शी होते. एखादा भागीदार मुदतीत मरण पावला, तर त्याच्या वारसांना मुदतीअखेर १०० गुल्डेन मिळावेत. भागीदारीत त्यांना जागा नाही, म्हणजेच गुपितही त्यांना कळणार नाही.

आणि १४३८ च्या नाताळात ड्रिट्सेन खरोखरच वारला. त्याच्या घरी एक दाबयंत्र होते. गुटेनबर्गने तातडीने आपला नोकर धाडला व निरोप दिला, की यंत्राचे स्क्रू काढून त्याचे भाग सुटे करावेत, म्हणजे पाहणाऱ्याला काही उमगणार नाही. मृताच्या भावांनी भागीदारीत घ्यावे म्हणून दावा लावला. १२ डिसेंबर १४३९ रोजी निकाल लागला. मृताकडून येणे असलेले ८५ गुल्डेन वजा करून गुटेनबर्गने अवघे १५ गुल्डेन द्यावेत, असे न्यायाधीशांनी ठरवले. कागद पक्का होता म्हणून गुपित वाचले. त्या खटल्यातील एका सोनाराच्या साक्षीत छपाईशी संबंधित कामाचा उल्लेख येतो. म्हणून हे गुपित मुद्रणाचेच असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

१४४८ मध्ये तो माइन्झला परतलेला दिसतो. सुटे खिळे ओतण्याची रीत, धातूला धरून राहणारी तेलकट शाई आणि दाबयंत्र यांचा मेळ आता बसत आला होता. उणीव होती ती पैशाची. कागद, चामड्याची पाने, मजुरी व भाडे यांचा खर्च आधी करायचा आणि ग्रंथ विकले गेले की मग पैसा यायचा, असा हा धंदा. १४५० मध्ये योहान फुस्ट या धनिकाने ८०० गुल्डेन दिले, शेकडा सहा व्याजाने. तारण म्हणून गुटेनबर्गची साधनसामग्री. १४५२ मध्ये ग्रंथांच्या कामासाठी, भागीदार या नात्याने, त्याने आणखी ८०० दिले. त्यातून बेचाळीस ओळींचे सुप्रसिद्ध बायबल आकाराला आले. सुमारे १२८० पाने आणि सुमारे १८० प्रती. १४५४ मध्ये फ्रँकफर्टला त्याचे छापील ताव पाहून जाणकार थक्क झाले.

यश उंबरठ्यावर आले असतानाच फुस्टने मुद्दल व व्याज मिळून दोन हजारांवर गुल्डेनची मागणी केली. व्याज घेणार नाही असे फुस्ट बोलला होता, आणि दुसरी रक्कम समाईक कामाची होती, असे गुटेनबर्गचे म्हणणे. फुस्टने शपथेवर सांगितले, की पैसा आपणही व्याजानेच उचलला होता. ६ नोव्हेंबर १४५५ च्या दस्तऐवजात ही शपथ नोंदलेली आहे. तोंडी शब्द कामी आला नाही. तारण ठेवलेला छापखाना फुस्टकडे गेला, असे मानले जाते. गुटेनबर्गच्या हाताखालचा पीटर शोफर फुस्टचा सहकारी झाला. १४५७ मध्ये त्या दोघांनी छापलेल्या स्तोत्रग्रंथावर तारीख आणि छापणाऱ्यांची नावे आहेत. गुटेनबर्गचे नाव नाही. त्याचे नाव छापलेला त्याच्या हातचा एकही ग्रंथ आज उपलब्ध नाही.

१४६२ मध्ये माइन्झ लुटले गेले, मुद्रक पांगले आणि विद्या युरोपभर पसरली. १४६५ मध्ये आर्चबिशपने गुटेनबर्गला दरवर्षी कपडे, धान्य व मद्य देऊ केले. १४६८ मध्ये तो निवर्तला, तेव्हा त्याच्याजवळची छपाईची साधनेही कोनराड हुमेरी या दुसऱ्याच गृहस्थाच्या मालकीची होती. नवे यंत्र काढणाऱ्याला दहा वर्षांचा एकाधिकार देणारा कायदा व्हेनिसमध्ये झाला १४७४ साली. म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी!

फुस्टला खलनायक ठरवणे सोपे आहे. पण त्याच्या पैशावाचून ते बायबल छापले गेलेच नसते. स्ट्रासबर्गला गुटेनबर्गने भागीदाराच्या मरणाचाही आधी विचार करून ठेवला होता. माइन्झमध्ये कर्ज कुठे संपते आणि भागीदारी कुठे सुरू होते, हे त्याने स्पष्ट करून घेतले नाही, आणि हातची साधनेच तारण ठेवली. त्याचे गुपित कोणी चोरले नाही. ते त्याच्या हातून निसटले ते त्याच्याच करारातून. १५५६ मध्ये गोव्यास भारतातील पहिला छापखाना सुरू झाला, तोवर ही विद्या साऱ्या जगाची झाली होती. आपल्यापैकी कोणी उद्या एखादी कल्पना घेऊन भागीदार शोधायला निघाला, तर कल्पना कितपत सांगावी याचा विचार तो करीलच. पैसा कोणत्या नात्याने येतो आहे आणि बदल्यात काय गहाण पडते आहे, हेही त्याने तितक्याच बारकाईने वाचावे.